हात अडला तिथूनच सुरू करा: जुन्या ऑर्गन म्युझिकवर रिसर्च कसा करायचा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, की माझी पियानोची आठवी ग्रेड झालीय, आता मला पियानोच्या आधीचं म्युझिक, म्हणजे हार्प्सिकॉर्ड, ऑर्गन, चर्चमधलं वगैरे, त्यावर रिसर्च करायचाय, तर कुठून सुरुवात करू? आणि मी दर वेळी एकच उत्तर देते. एक पीस घ्या, महिनाभर वाजवा, आणि कुठेकुठे अडताय ते लिहून ठेवा. लोकांचा यावर जरा हिरमोड होतो कारण त्यांना पुस्तकांची यादी हवी असते. यादी मिळेल हो, यादीला काय. पण यादीतून प्रश्न मिळत नाही, आणि प्रश्न नसेल तर तीन वर्षं तुम्ही दुसऱ्यांनी लिहिलेलंच पुन्हा लिहीत बसता.

उदाहरण म्हणून मी स्वतः ज्यावर काम केलं तेच घेते, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. जिरोलामो फ्रेस्कोबाल्डी. जन्म फेरारा, १५८३. १६०८ पासून रोममध्ये सेंट पीटर्सचा ऑर्गनिस्ट, मधे १६२८ ते १६३४ फ्लॉरेन्सला मेदिची दरबारात, मग परत रोम, १६४३ ला गेला. १६३५ मध्ये व्हेनिसला त्याचं फिओरी मुझिकाली छापून आलं, नावाचा अर्थ सांगीतिक फुलं, आणि त्यात तीन मिस्सांसाठी ऑर्गनवर वाजवायचं म्युझिक आहे: एक साध्या रविवारची, एक प्रेषितांच्या सणांची, एक मारियेची. (मिस्सा म्हणजे कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना. मास न म्हणता मिस्साच म्हणते, वसईकडचे आपले लोक तेच म्हणतात.) बाखनं १७१४ मध्ये हे अख्खं पुस्तक हातानं उतरवून घेतलं होतं, यावरून वजन समजा.

ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे अजून संगीत नाटकातली ती पायानं भाता मारायची पेटी डोळ्यासमोर येते. ती नाही. ती रीडची, हा पाइपचा.

आता माझा हात कुठे अडला ते सांगते. मी बाहेर शिकत होते तेव्हा खर्चाला हातभार म्हणून एका छोट्या चर्चमध्ये रविवारी वाजवायचे. एकदा जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा होती, मी हौसेनं फिओरीतली एपिसलनंतरची (एपिसल म्हणजे गॉस्पेलच्या आधीचं बायबलमधलं वाचन) कॅनझोना, म्हणजे भागाभागांचा एक पीस, लावली. एपिसलचं वाचन झालं, मी सुरू केली, छान रंगली, तीनच्या तालातला मधला भाग आला, आणि सहज आरशात बघितलं (ऑर्गनवाल्याची पाठ बऱ्याचदा वेदीकडे असते म्हणून वर आरसा लावलेला असतो, रिक्षावाल्यासारखा) तर फादर कधीचे गॉस्पेल वाचायला तयार उभे, मेणबत्ती धरलेली दोन पोरं उभी, सगळे माझ्यासाठी थांबलेत आणि माझी दोन पानं बाकी. मला घाम फुटला. मी धाडकन कुठल्यातरी कॉर्डवर थांबले, ते इतकं वाईट वाटलं कानाला की नंतर खाली कॉफीला जायची लाज वाटली.

घरी येऊन चडफडत पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदाच त्याची प्रस्तावना नीट वाचली. तर हा माणूस १६३५ मध्ये तिथे स्वच्छ लिहून गेलाय की कॅनझोना आणि रिचेरकार (तसाच, पण जास्त गंभीर पीस) लांब वाटले तर मधल्या कॅडेन्सवर संपवता येतील. म्हणजे माझ्यासारखी फजिती तेव्हाही होत असणार! आणि तिथे मला माझा प्रश्न मिळाला. कुठली कॅडेन्स? सगळ्याच चालतील का? कॅडेन्स म्हणजे जिथे चार आवाज, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या चार सुरावटी, येऊन टेकतात, आपल्या न्यासासारखं समजा, पण एका कॅनझोनात अशा जागा बऱ्याच असतात आणि काही ठिकाणी तीन आवाज टेकतात आणि चौथा आधीच पुढचा विषय घेऊन निघालेला असतो, तिथे थांबलात तर वाक्य अर्ध्यात तोडल्यासारखं होतं. मग थांबण्यालायक जागा ओळखायच्या कशा, आणि तिथे थांबायचं तर शेवटचा कॉर्ड लांबवायचा, का काही सजवायचं, का चक्क नवीन शेवट रचायचा.

प्रश्न हा एवढाच असावा. "फ्रेस्कोबाल्डीचं धार्मिक संगीत" हा प्रश्न नाही, ती लायब्ररीतल्या कपाटावरची चिठ्ठी झाली. माझ्या पहिल्या प्रपोजलचं नाव जवळपास तेच होतं आणि ते परत आलं, बरंच झालं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर तुम्ही वाजवून दाखवू शकाल आणि दुसरा माणूस म्हणू शकेल, नाही बुवा, मला नाही पटत.

प्रश्न मिळाला की लगेच मूळ छापील प्रत उघडा, आणि हे अजिबात अवघड नाही, आयएमएसएलपी (IMSLP) या वेबसाइटवर जुन्या छापील पुस्तकांचे स्कॅन पडलेत, बोलोन्याच्या म्युझिक म्युझियमची लायब्ररी आहे, म्हणजे अठराव्या शतकातल्या पाद्रे मार्तिनीचा संग्रह, त्यांनीही बरंच ऑनलाइन ठेवलंय. जगात एखाद्या पुस्तकाच्या प्रती कुठेकुठे आहेत ते रिझम (RISM) या आंतरराष्ट्रीय सूचीच्या कॅटलॉगमध्ये सापडतं. हे सगळं फुकट. फक्त पहिल्यांदा पान उघडल्यावर घाबरायचं नाही, कारण पियानोसारख्या दोन ओळी तिथे नसतात. फिओरी पार्टितुरात छापलंय, म्हणजे चार आवाजांच्या चार वेगळ्या ओळी, आणि क्लेफही (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण) चार, वरच्या तीन सी क्लेफ वेगवेगळ्या जागी आणि खाली बास. हे एका माणसानं दोन हातांनी वाजवायचं. फ्रेस्कोबाल्डी प्रस्तावनेत उलट म्हणतो की पार्टितुरावरून वाजवता येणं हीच ऑर्गनिस्टची कसोटी, सोनं खरं का खोटं ते इथे कळतं. टोमणाच आहे तो.

सी क्लेफ शिकायची माझी पद्धत अगदी घरगुती आहे. रोज एक आवाज घ्यायचा आणि तो गायचा. वाजवायचा नाही, गायचा, आणि नोटांची इंग्रजी नावं न घेता सा कुठे आहे ते ठरवून सरगम म्हणायची. त्या काळचे लोकही उत-रे-मी-फा-सोल-ला असं सहा सुरांत म्हणायचे आणि सूर वर गेला की उत हलवायचे, त्यामुळे सा हलवायची सवय असलेल्या माणसाला हे पियानोवाल्यापेक्षा लवकर जमतं. मला तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात दोन आवाज एकत्र, मग तीन. चार आवाज सलग वाचायला वर्ष गेलं आणि अजूनही आल्टो कधीकधी हुकतो.

मूळ प्रत बघायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फिओरी खिळे जुळवून छापलंय, त्यामुळे एकाखाली एक यायच्या नोटा कधीकधी सरकलेल्या दिसतात आणि क्वेव्हरांना दांडीनं जोडलेलं नसतं, प्रत्येकाची शेपटी वेगळी. म्हणजे आजच्या आवृत्तीत चार-चार नोटांचे जे सुबक गट दिसतात आणि त्यावरून आपण जो जोर देतो तो एडिटरच्या कॉम्प्युटरनं दिलेला आहे. याउलट त्याचंच १६१५ चं टोकाटांचं (टोकाटा म्हणजे मोकळ्या लयीतला पीस) पुस्तक तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलं, तिथे दोनच ओळी आहेत पण वरची सहा रेघांची आणि खालची आठ रेघांची, आणि दांड्या, धावत्या नोटा सगळं हातानं लिहिल्यासारखं. एकाच माणसाची दोन पुस्तकं, दोन वेगळी तंत्रं, आणि पानाकडे बघून हात वेगळे चालतात, हे स्वतः करून बघा.

शार्प-फ्लॅटचं तर विचारूच नका. जुन्या छपाईत शार्प फक्त त्या एका नोटेपुरता असतो, अख्ख्या बारला लागत नाही. आणि काही ठिकाणी वाजवणाऱ्यानं कानानं घालायचा असतो, छापतच नाहीत. आजचे एडिटर असे शार्प नोटेच्या वर छोट्या टाइपात देतात. मी एकदा एका कॅडेन्सबद्दल दोन पानं लिहिली, कसा हा शार्प धक्का देतो, वगैरे, गाइडनं फक्त विचारलं की हा मूळ प्रतीत आहे का. नव्हता. दोन पानं गेली. तेव्हापासून वहीत तीन रकाने असतात, छापलंय काय, एडिटरनं घातलंय काय, मी वाजवलं काय. कंटाळवाणं आहे पण करा.

आता खरी गोष्ट. हे म्युझिक अर्धंच छापलेलं आहे, आणि हे लक्षात न घेता लोक त्याच्या सीडी ऐकतात आणि म्हणतात की तुकडे-तुकडे वाटतात बुवा. तुकडेच आहेत ते. कीरिये घ्या, म्हणजे "प्रभू, दया कर". ही विनवणी एकूण नऊ वेळा येते, तीन वेळा कीरिये, तीन वेळा क्रिस्ते, परत तीन वेळा कीरिये. पण नऊच्या नऊ गायच्या नाहीत, पहिली ऑर्गननं वाजवायची, दुसरी गाणाऱ्यांनी गायची, तिसरी ऑर्गन, असं आळीपाळीनं, म्हणजे ऑर्गनच्या वाट्याला पाच आणि गाणाऱ्यांच्या वाट्याला चार. ऑर्गनच्या पाळीला शब्द नसतात, पण सगळ्यांना चाल पाठ असते आणि ती चाल ऑर्गनच्या कुठल्यातरी आवाजात लांब सुरांत लपलेली असते. आपल्याकडे पेटीवाला एकटाच अभंगाची ओळ वाजवतो आणि समोरचे मनात शब्द म्हणतात ना, साधारण तसं. सोळाशे सालच्या बिशपांच्या विधिपुस्तकात ऑर्गन कुठे वाजवायचा, कुठे नाही, याचे नियमच आहेत.

म्हणून काम असं करायचं: एका मोठ्या कागदावर मिस्साचा क्रम लिहून काढा. सुरुवातीची टोकाटा, कीरिये, एपिसल, कॅनझोना, क्रेडो, त्यानंतर रिचेरकार, मग एलेव्हेशन म्हणजे फादर होस्ट उंच धरतात तो क्षण, तिथली टोकाटा, असं शेवटपर्यंत. ऑर्गनच्या जागा एका रंगानं भरा. बाकीच्या मोकळ्या जागांत गायचं काय ते शोधून लिहा. मग मोबाइलवर स्वतःच्या आवाजात गायच्या ओळी रेकॉर्ड करा, कसाही आवाज असो, आणि आळीपाळीनं वाजवा. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की कीरियेचे ते एवढेएवढे पीस इतके छोटे का, आणि पुस्तकात पाचापेक्षा जास्त का दिलेत. "अलियो मोदो", म्हणजे दुसऱ्या तऱ्हेनं, असं लिहून त्यानं पर्याय दिलेत, तुम्ही निवडायचं.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जवळजवळ सगळे पडतात. गायची चाल शोधायला लोक लिबेर उझुआलिस, म्हणजे चर्चच्या लॅटिन चालींचं जाडजूड पुस्तक, उघडतात, नेटवर सहज मिळतं म्हणून. फ्रेस्कोबाल्डीच्या तीन कीरियेंच्या चाली त्यात अकरा, चार आणि नऊ नंबरच्या मिस्सांत आहेतही. पण ते नंबर २०व्या शतकातल्या व्हॅटिकन आवृत्तीचे, आणि त्यातल्या चाली फ्रान्समधल्या सोलेम मठाच्या साधूंनी मध्ययुगीन हस्तलिखितांवरून परत जुळवलेल्या. फ्रेस्कोबाल्डीच्या कानावर पडत होतं ते त्याच्या काळचं गाणं, आणि तो काळ चाली कापून-छाटून नव्यानं छापायचा होता, रोममध्ये १६१४-१५ ला मेदिची प्रेसनं तशी मोठी आवृत्ती काढलीच. त्यामुळे चाल ऑर्गनच्या पीसमध्ये एखाद्या सुरानं वेगळी दिसली की लगेच "इथे फ्रेस्कोबाल्डीनं कल्पकतेनं बदल केला" असं लिहायचं नाही! आधी त्या काळची, शक्यतो व्हेनिस-रोममध्ये छापलेली गाण्याची पुस्तकं बघा. कदाचित त्यानं काहीच बदललं नसेल, त्याच्या समोरची चालच तशी असेल.

वाद्याकडे येऊ. पियानोवर हे म्युझिक शिकायला हरकत नाही, मीही तसंच शिकले, पण निष्कर्ष पियानोवर काढू नका. दोन गोष्टी तुम्हाला पियानो सांगणारच नाही.

एक, शॉर्ट ऑक्टेव्ह. जुन्या इटालियन वाद्यांत डावीकडची शेवटची पट्टी बघायला ई असते पण वाजते सी. मग एफ हा एफच. पण एफ शार्पची काळी पट्टी दाबली तर डी वाजतो आणि जी शार्पची दाबली तर ई. खालचे शार्प लागतच नव्हते फारसे, मोठे पाइप महाग, म्हणून जागा आणि पैसा दोन्ही वाचवला. आता पियानोवर डाव्या हाताला खालचा सी आणि त्याच्या वरच्या सप्तकातला ई एकदम धरायचा तर दहा पट्ट्यांचा ताण, माझ्यासारख्या छोट्या हाताला अशक्य, आणि लोक फुटनोटमध्ये लिहितात की इथे पेडल वापरत असावेत. अहो, शॉर्ट ऑक्टेव्हवर तो सी म्हणजे ई ची पट्टी, त्यामुळे हात फक्त एका सप्तकाएवढा पसरतो. प्रश्नच मिटला. घरच्या कीबोर्डवर खालच्या पट्ट्यांना कागदी स्टिकर लावून आणि सॉफ्टवेअरमध्ये नोटा बदलून हे एका संध्याकाळी करून बघता येतं.

दुसरी, ट्यूनिंग. इथे आपल्या लोकांना फायदा आहे. आपण पेटीला शिव्या घालत मोठे झालोय, १९४० ला रेडिओनं पेटीवर बंदी घातली ती गोष्ट प्रत्येक गुरुजी एकदा तरी सांगतात, कारण पेटीचा गांधार तानपुऱ्याच्या गांधाराशी जुळत नाही. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गांधार आपोआप ऐकू येतो तो ३८६ सेंटचा (सेंट म्हणजे पियानोच्या अर्ध्या सुराचा शंभरावा भाग), पियानोचा ४०० चा. आणि त्या काळच्या इटलीतलं नेहमीचं ट्यूनिंग, मीनटोन, त्याचा गांधार हा तोच, तानपुऱ्याचा. पंचम थोडा उतरवायचा, ७०२ च्या जागी साधारण ६९७, आणि त्या बदल्यात आठ गांधार एकदम शुद्ध मिळतात. किंमत म्हणजे उरलेले चार गांधार वापरायच्या लायकीचे राहत नाहीत, जी शार्प आहे पण ए फ्लॅट नाही, ई फ्लॅट आहे पण डी शार्प नाही.

याचा कानाला काय फरक पडतो ते बघायला रविवारच्या मिस्सातली एलेव्हेशनची क्रोमॅटिक टोकाटा घ्या. आवाज अर्ध्या-अर्ध्या सुरांनी सरकतात. पियानोवर सगळे अर्धे सूर सारखे, शंभर-शंभर सेंट, जिना चढल्यासारखं. मीनटोनमध्ये एफ ते एफ शार्प ७६ सेंट आणि एफ शार्प ते जी ११७. एक पायरी बुटकी, एक उंच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. मग कळलं की दुखतंय ते इथेच, हे म्युझिक ज्या क्षणाला वाजतं त्या क्षणाचं दुखणं त्या बुटक्या पायरीत आहे, आणि समान ट्यूनिंगवर मी पाच वर्षं ते इस्त्री करून वाजवत होते. कुठल्याही पीसवर काम करताना त्यातल्या काळ्या पट्ट्यांची यादी करा, कुठला सूर किती वेळा येतो, कुठे डी शार्प मागितलाय आणि तेव्हा काय करायचं. काही वाद्यांवर काळी पट्टी चिरून दोन भागांत करायचे, पुढचा भाग एक सूर, मागचा दुसरा, तेही लक्षात ठेवा.

पण म्हणून "फ्रेस्कोबाल्डी म्हणजे मीनटोन" असं ठोकून देऊ नका. त्याच्याच काळातला डोनी नावाचा विद्वान चिडून लिहितो की रोममधल्या सान लोरेन्झो इन दामासो चर्चच्या ऑर्गनला समान ट्यूनिंग करा असा सल्ला फ्रेस्कोबाल्डीनं दिला. डोनीचं त्याच्याबद्दल मत वाईटच होतं, तेव्हा ते किती धरायचं हा वेगळा विषय, पण एक परिच्छेद तरी त्यावर लिहावाच लागेल, नाहीतर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

वाद्य आणायचं कुठून? ग्रँडऑर्ग (GrandOrgue) नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या खऱ्या ऑर्गनचे एकेक पाइप रेकॉर्ड केलेले सेट त्यात घालता येतात, ट्यूनिंग बदलता येतं, साधा मिडी कीबोर्ड पुरतो. आपल्याकडच्या जुन्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन असला तर तो बहुतेक इंग्रजी घडणीचा आणि फार नंतरचा, त्यावर हे म्युझिक गुळगुळीत होतं, तरी पाइपचा वारा बोटाखाली कसा लागतो ते कळायला एकदा फादरना विचारून तासभर बसाच. आणि कधी इटलीत गेलात तर बोलोन्याच्या सान पेत्रोनियोत १४७० च्या दशकातला लोरेन्झो दा प्रातोचा ऑर्गन अजून वाजतो आणि ब्रेशाच्या सान जुझेप्पेत १५८१ चा अंतेन्याती घराण्याचा. घराणं हा शब्द मी गंमत म्हणून नाही वापरला, पिढ्यानपिढ्या ऑर्गनच बांधायचे ते लोक.

याच घराण्यातल्या कोस्तान्झो अंतेन्यातीनं १६०८ मध्ये छोटं पुस्तक लिहून ठेवलंय की कुठल्या वेळी कुठले स्टॉप, म्हणजे पाइपच्या कुठल्या रांगा, उघडायचे. एलेव्हेशनला प्रिंचिपाले, म्हणजे ऑर्गनची मुख्य रांग, आणि तिच्याबरोबर फक्त फिफ्फारो. फिफ्फारो म्हणजे किंचित बेसूर लावलेली पाइपची रांग, प्रिंचिपालेबरोबर वाजली की लहर येते, पेटीत दोन रीड एका केसानं चुकवून लावले की येते तीच. आणि तो सांगतो की यावर हळू वाजवा, जमेल तितकं जोडून. तर अशी तेव्हाच्या कारागिरांची, मास्तरांची पुस्तकं आजच्या जाडजूड ग्रंथांच्या आधी वाचा. दिरुता नावाच्या ऑर्गनिस्टचं १५९३ चं पुस्तक आहे, गुरु-शिष्य संवादासारखं, त्यात हात कसा धरावा, कुठलं बोट चांगलं, कुठलं वाईट, सगळं. फ्रेस्कोबाल्डीच्या स्वतःच्या प्रस्तावना आहेत, पान-दोन पानांच्या. १६१५ च्या टोकाटांच्या प्रस्तावनेत तो म्हणतो की हे एका ठेक्यात वाजवायचं नाही, नव्या मॅड्रिगलसारखं (इटालियन कवितांवरची अनेक आवाजांची गाणी) कधी संथ, कधी जलद, भाव बघून. ज्यानं विलंबित ख्याल ऐकलाय त्याला हे वाक्य कळायला व्याख्यान लागत नाही, पण म्हणून लगेच "भारतीय संगीताशी साम्य" असा चॅप्टर काढू नका, फार जण काढतात आणि तो नेहमी सगळ्यात कच्चा चॅप्टर असतो.

इटालियन येत नसेल तर? मलाही येत नव्हतं. प्रस्तावनेचं एक पान घेतलं आणि डिक्शनरी घेऊन ते आधी मराठीत उतरवलं, इंग्रजीत नाही. इंग्रजी अनुवाद तयार मिळतात आणि मग आपण त्यांचेच शब्द उचलतो. मराठीत करताना प्रत्येक शब्दाला थांबावं लागतं, हा "आफेत्ती" म्हणजे भाव का लकब का हरकत, असं भांडावं लागतं. त्या भांडणातून माझा दुसरा चॅप्टर झाला.

एक कोडंही आहे या पुस्तकात, मारियेच्या मिस्सात. एक रिचेरकार आहे चार आवाजांचा, आणि वर लिहिलंय की पाचवा आवाज वाजवायचा नाही, गायचा. कुणी? तुम्हीच, वाजवता वाजवता. पाचव्या आवाजाची छोटी ओळ दिलीय पण ती कुठेकुठे घालायची ते दिलेलं नाही, शोधून काढायचं. आणि वर शेरा मारलाय, ज्याला कळेल त्यानं मला समजून घ्यावं, मी मला समजतो. महाशय! हे कोडं सोडवायचा प्रयत्न उत्तर न बघता करा, चार आवाजांत पाचवा कुठे बसतो ते शोधताना काउंटरपॉइंट, म्हणजे आवाजावर आवाज रचायचं तंत्र, जितकं कळतं तितकं वर्गात नाही कळत.

गोव्याच्या लोकांसाठी वेगळं. तुम्ही इटली कशाला धरताय? लिस्बनला १६२० मध्ये मानुएल रोद्रिगिश कोएल्यूचं फ्लोरेस द मुझिका छापलं गेलं, पोर्तुगालमध्ये छापलेलं पहिलं कीबोर्डचं पुस्तक, त्यातही आळीपाळीनं वाजवायचे-गायचे तुकडे आहेत, आणि त्या वेळी गोवा त्याच राज्याखाली. तुमच्याकडे लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, मोटेट (धार्मिक शब्दांची अनेक आवाजांची गाणी) गायची परंपरा अजून चालू आहे, पॅरिशच्या शाळेत मेस्तांनी, म्हणजे चर्चच्या संगीत मास्तरांनी, सोल्फा शिकवलेली म्हातारी माणसं आहेत. चर्चच्या जुन्या हिशोबाच्या वह्या असतील तर त्यांत ऑर्गनच्या दुरुस्तीला, वाजवणाऱ्याला काय दिलं ते शोधा. म्युझिकच्या माणसाला हिशोबाची वही रटाळ वाटते पण ऑर्गन होता का, चालत होता का, कधी बंद पडला, हे तिथेच सापडेल. पोर्तुगीज वाचता येणारी आजी घरात असेल तर तिला आत्ताच कामाला लावा.

माझ्या कॅनझोनांचं शेवटी काय झालं ते सांगायचं राहिलं. तिन्ही मिस्सांतल्या एपिसलनंतरच्या कॅनझोना घेतल्या, प्रत्येकीत थांबता येण्यासारख्या सगळ्या जागांवर पेन्सिलनं खूण केली, आणि प्रत्येक जागेवर खरंच थांबून रेकॉर्ड केलं. मग ते तुकडे कुठून कापलेत हे न सांगता चार ऑर्गनवाल्या मित्रांना ऐकवले आणि विचारलं, संपल्यासारखं वाटतं का. जिथे चारही आवाज एकदम टेकतात आणि लगेच पुढे ताल बदलतो तिथे सगळे हो म्हणाले, त्यात आश्चर्य नाही. पण दोन-तीन जागा अशा निघाल्या की कागदावर मला अजिबात चालतील असं वाटलं नव्हतं आणि वाजवल्यावर शेवटचा कॉर्ड जरा लांबवला, त्यात एक छोटी हरकत घातली, की चक्क बसतं. त्या जागा वाचून सापडल्या नसत्या.

अर्ज करायचा असेल तर बाझेलचं स्कोला कांतोरुम किंवा हेगच्या कॉन्झर्व्हेटरीचा अर्ली म्युझिक विभाग अशी नावं आहेत, अजूनही आहेत, त्यांच्या पानांवर सगळं लिहिलेलं असतं, मी परत लिहीत नाही. फक्त प्रपोजलमध्ये पहिल्या परिच्छेदात तुमचा अडलेला हात येऊ द्या. जन्मसाल-मृत्युसाल त्यांना माहीत असतं.

आणि लायब्ररीला मेल लिहायची एक रीत. मी आधी इंग्रजीत लांबलचक मेल लिहायचे, मी कोण, कुठली, मला जुन्या संगीताची किती आवड, आणि महिनोन् महिने उत्तर नाही. मग एका मैत्रिणीनं सांगितलं तसं चार ओळींत इटालियनमध्ये लिहिलं, पुस्तकाचं नाव, साल, त्यांच्या कॅटलॉगमधला नंबर जसाच्या तसा, कुठली पानं हवीत, आणि कशासाठी. दोन दिवसांत उत्तर, वर स्कॅनची लिंक. नंबर महत्त्वाचा, तो दिला की समोरच्या माणसाला उठून फक्त कपाटापर्यंत जावं लागतं. आणि ऑगस्टमध्ये पाठवू नका, अर्धी इटली समुद्रावर असते, मेल जूनमध्येच टाका.